महाविद्यालय कसे आहे, हे विद्यार्थ्यालाच विचारा. पण कोणत्या विद्यार्थ्याला?



बारावीचा निकाल लागला की आम्ही वस्तीतल्या बुद्धविहारात टेबल टाकून बसतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, महाडीबीटीचा अर्ज अशी कामे चालतात. काही वर्षांपूर्वी एक मुलगी आईला घेऊन आली. आई चार घरची धुणीभांडी करणारी. मुलीने कॉलेज आधीच ठरवले होते. मोबाईलवर तिने आम्हाला दाखवले: पाचपैकी साडेचार तारे आणि खाली शेकडो विद्यार्थ्यांचे अभिप्राय. कॅम्पस मस्त आहे, फेस्ट भारी होतो, कॅन्टीन चांगले आहे, वायफाय जोरात चालते. आम्हीही दहा-बारा अभिप्राय वाचले आणि म्हणालो, "चांगले दिसते आहे, भर फॉर्म."

दिवाळीनंतर ती परत आली. शिष्यवृत्तीचे पैसे आले नाहीत म्हणून कॉलेजने पूर्ण फी मागितली होती. फी नाही म्हणून अंतर्गत परीक्षेला बसू दिले नाही. सोडून जाते म्हणाली, तर मूळ कागदपत्रे अडकवून ठेवली. ती कागदपत्रे सोडवायला आम्हाला दोन महिने हेलपाटे घालावे लागले. मुलीचे एक वर्ष गेले ते गेलेच.

त्या रात्री आम्ही ते सगळे अभिप्राय पुन्हा वाचून काढले. शिष्यवृत्ती हा शब्द एकाही ठिकाणी नव्हता. आरक्षित जागेवर आलेल्या मुलांशी शिक्षक कसे वागतात, याबद्दल एक ओळ नव्हती. अभिप्राय खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. कॅन्टीन खरोखर चांगले असेल. पण तो अभिप्राय लिहिणाऱ्यांचे प्रश्न वेगळे होते आणि आमच्या मुलीचे वेगळे होते. आम्ही मात्र दुसऱ्याच्या उत्तरावर आपला निर्णय घेतला होता. चूक आमचीही होती.

म्हणून हा लेख. विद्यार्थ्यांच्या अनुभवावरून शिक्षणसंस्था पारखणे ही काही मोबाईलने आणलेली नवी गोष्ट नाही. आपल्या इतिहासात ती परंपरा फार जुनी आहे. ती विसरल्यामुळेच आपण ताऱ्यांना भुलतो.

नालंदेहून आलेले शब्द

सातव्या शतकात चीनहून ह्युएन त्संग नालंदेला आला, आचार्य शीलभद्रांकडे शिकला आणि परत जाऊन त्याने सगळे नोंदवून ठेवले. नालंदेच्या दारावरच प्रश्न विचारले जात आणि बहुतेकांना तिथूनच परत फिरावे लागे, हे आपल्याला त्याच्यामुळे कळते. त्याच्यानंतर काही दशकांनी इत्सिंग आला. तो नालंदेत सुमारे दहा वर्षे राहिला. त्याने तीन हजारांहून अधिक भिक्षू तिथे राहतात हे सांगितले, आंघोळीसाठी असलेली तळी सांगितली, सकाळी होणारा घंटानाद सांगितला, जेवायला कसे बसतात आणि व्याकरण कोणत्या क्रमाने शिकतात तेही सांगितले. इतकेच नाही, तर मागून येणाऱ्या चिनी भिक्षूंना त्याने सल्ला दिला की थेट भारतात जाऊ नका, आधी श्रीविजयात, म्हणजे आजच्या सुमात्रा बेटावर, एक-दोन वर्षे थांबून तयारी करा आणि मग पुढे जा.

याला काय म्हणायचे? सिनियरने ज्युनियरला दिलेला सल्लाच ना! ज्याने ते पाणी प्यायले आहे, त्याने मागून येणाऱ्याला सांगितलेली वाट. आज नालंदेबद्दल आपण जे अभिमानाने बोलतो, त्यातला मोठा भाग राजांच्या दानपत्रांतून आलेला नाही. तिथे शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांच्या लेखणीतून आला आहे.

आणि ऐकीव गोष्ट कशी पारखायची, हेही बुद्धाने कालामांना सांगून ठेवले आहे. केसपुत्त गावच्या लोकांकडे एकामागून एक गुरू येत. प्रत्येक जण आपलेच खरे म्हणे आणि दुसऱ्याला नावे ठेवी. लोक गोंधळले. बुद्धाने त्यांना सांगितले की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका. त्याचा परिणाम हिताचा आहे की अहिताचा, हे स्वतः तपासा आणि मग स्वीकारा. कॉलेजांच्या जाहिरातींच्या बाजारात उभ्या असलेल्या आपल्या मुलांची अवस्था आज कालामांसारखीच आहे.

गोणपाटावरून दिसलेली शाळा

आधुनिक काळात या देशात शाळा सर्वांसाठी उघडल्या, असे पुस्तकात लिहिलेले असते. पण १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला, तेव्हा त्याला तो नाकारण्यात आला. सरकारने कारण दिले ते असे की एका मुलासाठी बाकीच्यांचे पूर्वग्रह दुखावले तर शाळाच ओस पडेल. कागदावर शाळा सरकारी होती. प्रत्यक्षात ती कुणाची होती, हे दारात उभ्या राहिलेल्या त्या मुलालाच कळले.

त्याच्या एक वर्ष आधी, १८५५ साली, फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरील निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. पेशवाईत आपल्या लोकांचे काय हाल झाले, हे तिने निर्भयपणे विचारले. जोतिराव-सावित्रीमाईंची शाळा कशी होती, याचा यापेक्षा मोठा दाखला कोणता? त्या शाळेने चौदा वर्षांच्या मुलीला प्रश्न विचारण्याचे बळ दिले होते. इमारत, फर्निचर, निकालाची टक्केवारी या गोष्टी नंतरच्या. शाळेची परीक्षा विद्यार्थिनीच्या लेखणीने झाली.

आणि मग बाबासाहेब. साताऱ्याच्या शाळेत बसायला घरून नेलेले गोणपाट आणि शिपाई असेल तरच मिळणारे पाणी. मुंबईचे एल्फिन्स्टन हायस्कूल तर सरकारी आणि नावाजलेले. तिथे भीमराव फळ्याकडे निघाला आणि फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाटतील म्हणून बाकीच्या मुलांनी ओरडा केला. संस्कृत शिकायचे होते, ते शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली. त्या काळी कुणी मुंबईतल्या शाळांची क्रमवारी लावली असती, तर एल्फिन्स्टनला वरचेच स्थान मिळाले असते. वरच्या जातीच्या मुलाने अभिप्राय लिहिला असता, तर तोही पाच ताऱ्यांचाच असता आणि त्याच्यापुरता तो खराही असता. एकाच वर्गात, एकाच फळ्यासमोर, दोन वेगळ्या शाळा भरत होत्या. हा मुद्दा नीट लक्षात ठेवा, कारण आजही हेच चालू आहे.

१९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे १९३० साली तिथल्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात त्यांनी आपल्या कोलंबियाच्या दिवसांबद्दल लिहिले. काय लिहिले? तिथले वर्गमित्र आणि जॉन ड्युई, सेलिग्मन, शॉटवेल, रॉबिन्सन हे प्राध्यापक आपल्याला आयुष्यात लाभलेले सर्वांत चांगले मित्र होते, असे त्यांनी सांगितले. साताऱ्यात ज्याला पाण्याचे भांडे शिवू दिले नाही, तो विद्यार्थी न्यूयॉर्कच्या प्राध्यापकांना मित्र म्हणतो. बाबासाहेबांनी संस्था मोजली ती माणसाला माणूस म्हणून वागवण्याच्या मापाने. हे माप आपण का सोडून द्यावे?

अनुभवातून उभी राहिलेली महाविद्यालये

काही लोक विचारतात, बाबासाहेबांनी शिष्यवृत्त्या आणि राखीव जागा मिळवल्या, मग स्वतःची कॉलेजे कशाला काढली? उत्तर वरच्या इतिहासात आहे. प्रवेश मिळाला म्हणजे शिक्षण मिळाले असे होत नाही, हे ते स्वतः विद्यार्थी म्हणून भोगून आले होते. पुढे सिडनहॅम कॉलेजात १९१८ ते १९२० या काळात प्राध्यापक असतानाही पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांचा आक्षेप त्यांच्या वाट्याला आला.

म्हणून आधी वसतिगृहे आली. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू केले होते. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह उघडले. मग ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. त्याचे वर्ग सकाळी भरत. का? कारण आपला मुलगा दिवसा कुठेतरी कारकुनी किंवा शिपायाची नोकरी करून घर चालवणार आणि मगच शिकणार. 'टाइमटेबल' ही किरकोळ गोष्ट वाटते, पण पोटासाठी राबणाऱ्या विद्यार्थ्याला दार उघडे आहे की बंद, हे त्या टाइमटेबलवरच ठरते. ज्याने कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला, त्यालाच ते सुचले.

मराठवाडा तेव्हा निजामी राजवटीतून नुकताच सुटला होता आणि उच्च शिक्षणाची तिथे फार आबाळ होती. १९५० साली औरंगाबादेत बाबासाहेबांनी कॉलेज सुरू केले आणि पुढे त्याला मिलिंदाचे नाव मिळाले. प्राचार्य म. भि. चिटणीसांसारखी माणसे त्यांनी तिथे आणली. परिसराचे नाव नागसेनवन. भदंत नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या राजाचे नाव कॉलेजला! प्रश्न विचारणारा विद्यार्थी हाच त्या संस्थेचा आदर्श. खेड्यापाड्यांतून पत्र्याची पेटी घेऊन मुले नागसेनवनात येत राहिली. त्यांना कुणी माहितीपत्रक पाठवले नव्हते. आधी गेलेला गावचा किंवा शेजारच्या गावचा कुणी दादा सुट्टीत घरी येई आणि सांगे, "चल, तिथे राहायची सोय होते, कुणी जात काढत नाही." ती तोंडी साक्ष हीच आपली मार्गदर्शिका होती.

ज्यांनी ही साक्ष लिहून ठेवली, त्यांची आत्मकथने आज आपल्यापुढे आहेत. कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट'मध्ये दलित मुलीने संस्कृत शिकायचे ठरवल्यावर तिच्याकडे कसे पाहिले गेले, हे आले आहे. बाबासाहेबांना नाकारलेली भाषा, काही दशकांनी त्यांच्याच एका लेकीने शिकून घेतली, पण तिलाही त्याची किंमत मोजावी लागली. आम्ही तर म्हणतो, आपली आत्मकथने केवळ साहित्य म्हणून वाचू नका. शाळा, कॉलेज आणि वसतिगृहे यांच्याबद्दल आपल्या समाजाने दिलेला तो सर्वांत विस्तृत अभिप्राय आहे.

साक्ष कुणाची मोजली जाते?

आता आजच्या काळात येऊ. १९९४ साली 'नॅक' आले, २०१६ पासून केंद्र सरकारची 'एनआयआरएफ' क्रमवारी येऊ लागली. या व्यवस्था निरुपयोगी आहेत असे आमचे म्हणणे नाही. एनआयआरएफमध्ये सामाजिक-आर्थिक दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांच्या प्रमाणाला काही गुण आहेत, नॅकही विद्यार्थ्यांचे समाधान विचारते. पण संस्थेच्या प्रतिमेचे गुण देताना शिक्षणक्षेत्रातील जाणकार आणि नोकरी देणारे यांचे मत घेतले जाते. शेवटच्या बाकावरच्या विद्यार्थ्याची प्रतिष्ठा तिथे मोजली जाते का, याचा त्यात रकाना नाही.

दिल्लीच्या एम्सपेक्षा मोठे नाव वैद्यकीय शिक्षणात कोणते? त्याच एम्समधील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारींची चौकशी प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने केली आणि २००७ साली अहवाल दिला. समितीने वेगळे काय केले? तिने त्या विद्यार्थ्यांनाच बसवून विचारले. वसतिगृहात वेगळे पडणे, रॅगिंग, शिक्षकांची उपेक्षा, तोंडी परीक्षेतला दुजाभाव हे सगळे बाहेर आले. संस्था तीच होती. फक्त प्रश्न कुणाला विचारला, हे बदलले.

१७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. दोघांच्याही संस्था नावाजलेल्या. त्याच वर्षी राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन मातांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि २०१२ चे समतेचे विनियम नीट राबवले जावेत अशी मागणी केली. त्या विनियमांनुसार प्रत्येक उच्च शिक्षण संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असायला हवा. आपल्या कॉलेजात तो अधिकारी कोण आहे, हे किती विद्यार्थ्यांना सांगता येईल? पोरे गमावल्यावर मातांना न्यायालयात जे सांगावे लागले, ते प्रवेशाआधी आपल्याला कळायला नको का?

दोन आक्षेप

पहिला आक्षेप: कॉलेज निवडताना जातीचा विचार कशाला, गुणवत्ता पाहावी. आमचे उत्तर असे की आम्ही गुणवत्ताच पाहतो आहोत. ज्या कॉलेजात मुलीला परीक्षेला बसू दिले जात नाही, तिथल्या प्रयोगशाळेची गुणवत्ता तिच्या काय कामाची? तो आक्षेप घेणाऱ्यांच्या घरी मात्र काका, मामा, शेजारी असे दहा जण त्या कॉलेजात शिकून आलेले असतात. त्यांना आतली माहिती चहाच्या कपाबरोबर मिळते. आपल्यातला मुलगा बहुतेक वेळा घरातला पहिलाच कॉलेजला जाणारा असतो. त्याने चौकशी केली तर ती मात्र जातीयता ठरते!

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा आणि तो गंभीर आहे: असे पारखत बसलो तर मोठ्या संस्था आपण सोडून देऊ आणि तिथे पुन्हा तेच लोक बसतील. यावर आमचे म्हणणे स्पष्ट आहे. सोडायचे नाही. बाबासाहेबांनी एल्फिन्स्टन सोडले नाही. आयआयटी, एम्स, केंद्रीय विद्यापीठे यांतली आपली जागा आपल्या हक्काची आहे आणि ती भरलीच पाहिजे. पण जाताना माहिती घेऊन जावे, आधी शिकत असलेल्यांचे फोन नंबर घेऊन जावे, तिथली आंबेडकरी विद्यार्थी संघटना कोणती हे विचारून जावे. इत्सिंगने मागच्यांना नालंदेला जाऊ नका असे सांगितले नव्हते. तयारी करून जा, असे सांगितले होते.

मग अभिप्राय कसे वाचायचे?

आमच्या टेबलावर आम्ही आता काही नियम पाळतो. तुम्हीही पाळा, सुधारा, वाढवा.

एक, तारे मोजू नका, मजकूर वाचा. एकाच आठवड्यात, एकाच भाषेत, एकसारखे कौतुक दिसले तर संशय घ्या. प्रवेशाच्या हंगामात कौतुक वाढते, वर्षभराचे खरे बोल मधल्या महिन्यांत सापडतात. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली मानक काढले, पण ते ऐच्छिक आहे. त्याच्या भरवशावर राहू नका.

दोन, काय लिहिलेले नाही ते पाहा. अंतर्गत गुण आणि तोंडी परीक्षा ज्यांच्या हातात आहेत, त्यांच्याविरुद्ध शिकत असताना कोण लिहील? तक्रार दिसत नाही याचा अर्थ अन्याय नाही असा होत नाही. कधी कधी त्याचा अर्थ भीती आहे, एवढाच असतो.

तीन, शिकत असलेल्या किमान दोघांशी आणि शिकून बाहेर पडलेल्या एकाशी प्रत्यक्ष बोला. त्यातली एक मुलगी असावी आणि एक जण वसतिगृहात राहिलेला असावा. बाहेर पडलेला मोकळेपणाने बोलतो.

चार, आपले प्रश्न विचारा. शिष्यवृत्ती येईपर्यंत कॉलेज फीसाठी अडवते का? महाडीबीटीचा अर्ज कॉलेजच्या लॉगिनला किती दिवस पडून राहतो? वसतिगृहात खोल्या कशा वाटतात? ते नसेल तर स्वाधार योजनेसाठी कॉलेज कागदपत्रे वेळेवर देते का? आरक्षित जागेवर आलेल्यांना वर्गात टोमणे बसतात का? इंग्रजी कच्चे असलेल्यांना कोणी शिकवते का? तक्रार केली तर पुढे काय झाले? पहिल्या वर्षी आलेल्या आपल्या मुलांपैकी शेवटच्या वर्षापर्यंत किती पोचली?

पाच, एकाच्या रागावर किंवा एकाच्या प्रेमावर निर्णय घेऊ नका. आपला माणूस सांगतो म्हणून ते खरेच, असेही नाही. आपल्या नावाने चालणाऱ्या संस्थांनाही हेच प्रश्न विचारा. बाबासाहेबांचा फोटो कार्यालयात आहे म्हणून सूट नको. कालामांना सांगितलेली कसोटी सगळ्यांना सारखीच लागू आहे.

आणि सहावे, सर्वांत महत्त्वाचे: तुम्ही शिकत असाल किंवा शिकून बाहेर पडला असाल, तर तुमची साक्ष द्या. उघड लिहिता येत नसेल, तर मागून येणाऱ्याला फोनवर सांगा. चांगले असेल तर चांगलेही सांगा, एखाद्या शिक्षकाने हात दिला असेल तर त्यांचे नाव आवर्जून सांगा. आम्ही विहारात एक साधी वही ठेवली आहे. कॉलेजचे नाव, शाखा, वर्ष, वरच्या प्रश्नांची उत्तरे आणि बोलायला तयार असलेल्या विद्यार्थ्याची संमती. लिहिणाऱ्याचे नाव आम्ही बाहेर देत नाही. वही अजून जाड झालेली नाही, पण ती उघडल्याशिवाय आता आम्ही कुणाचा फॉर्म भरत नाही.

ज्या मुलीचे वर्ष गेले, तिनेच त्या वहीचे पहिले पान लिहिले. पुढच्या वर्षी तिने दुसऱ्या कॉलेजात प्रवेश घेतला, तोही तिथल्या दोन ताईंशी बोलून. गेल्या जूनमध्ये ती आमच्या शेजारी टेबलावर बसली होती. समोरच्या मुलाने मोबाईल पुढे करून तारे दाखवले. तिने मोबाईल बाजूला ठेवला आणि वहीतला एक नंबर लावला.

प्रत्येक वस्तीत, प्रत्येक विहारात अशी एक वही हवी. येत्या निकालाआधी सुरू करा.

जयभीम! नमो बुद्धाय!